पवनचक्की आणि पक्षभेद

२०१२ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे १३,००० मेगावॉट शक्तीच्या पवनचक्क्या नव्याने उभारल्या गेल्या. त्यापूर्वी कोणत्याही एका वर्षात तेथे इतके काम झाले नव्हते. पुढच्या, म्हणजे २०१३ सालचा आकडा पाहावा तर तो अवघा १,१०० मेगावॉटच्या आसपास येतो. बारा भागांतले अकरा भाग काम एका वर्षात नाहीसे झाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी प्रथमच पाहणाऱ्यास छापण्यात काही चूक झाली असावी अशीच शंका यावयाची. परंतु चूक नाही. आयोवा आणि कॅन्सस ह्या राज्यांच्या माळरानांवरून वाहणारा वारा त्या वर्षी पडला नव्हता. यंत्रे महागली नव्हती, उलट ती स्वस्त होत चालली होती. विजेची गरजही ओसरली नव्हती. घडले होते ते एवढेच, की एका करसवलतीची मुदत वाढवावी की न वाढवावी, ह्याचा निकाल वॉशिंग्टन येथील विधिमंडळात वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत लागला नाही.

बरे, हे त्या देशात पहिल्यांदाच घडले असेही नाही. ही सवलत १९९९ च्या मध्यास संपली, आणि २००० साली नव्या पवनचक्क्यांचे काम जवळजवळ थांबले. २००१ च्या अखेरीस ती पुन्हा संपली. त्या वर्षी सुमारे १,७०० मेगावॉटची भर पडली होती, २००२ साली ती ४०० वर आली. २००३ च्या अखेरीस ती तिसऱ्यांदा संपली आणि २००४ साली तोच प्रकार झाला. दरवेळी विधिमंडळाने काही महिन्यांनी सवलत पुन्हा चालू केली, आणि दरवेळी ती दोन-एक वर्षांपुरतीच. एखाद्या उद्योगाला दर दोन वर्षांनी हिवताप यावा आणि त्याचे औषध मात्र ताप उतरल्यावर घरी पोहोचावे, असा हा क्रम आहे.

ही सवलत आहे तरी काय, हे आधी पाहू. १९९२ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने ऊर्जाधोरणाचा एक मोठा कायदा केला व थोरले जॉर्ज बुश ह्यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यातील एका कलमाने वाऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्यास, विकलेल्या प्रत्येक युनिटमागे दीड सेंट इतकी सवलत दहा वर्षे मिळू लागली. महागाईप्रमाणे हा आकडा वाढत जावयाचा होता. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे आयकर भरणारा गृहस्थ विम्याचा हप्ता उत्पन्नातून वजा करतो आणि उरलेल्या उत्पन्नावर कर भरतो. ही सवलत त्या जातीची नव्हे. ती उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातूनच वजा होते. शंभर डॉलर कर देणे असेल आणि तीस डॉलर सवलत असेल, तर सत्तरच डॉलर भरावयाचे. सरकारने हातात रोख ठेवावी तशीच ही गोष्ट आहे. फक्त ती रोख खजिन्यातून बाहेर पडत नाही, खजिन्यात यावयाचीच राहते. त्यामुळे ती अनुदानासारखी डोळ्यांत खुपत नाही. राजकारणी पुरुषांना करसवलती इतक्या प्रिय का, ह्याचे निम्मे उत्तर येथेच आहे.

सवलत युनिटमागे द्यावयाची हे मात्र मोठ्या शहाणपणाने ठरविले होते, आणि त्या शहाणपणाची किंमत आधी मोजून झाली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत पर्यायी ऊर्जेची चर्चा सुरू झाली आणि १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांच्या कारकिर्दीत ऊर्जाकराचा पहिला कायदा झाला. त्याने सूर्य आणि वारा ह्यांवर पैसा गुंतविणाऱ्याला सवलत दिली. पण ती गुंतविलेल्या पैशावर, निर्माण झालेल्या विजेवर नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने तिच्यात आपली भर घातली. परिणाम असा झाला, की आल्टामाँट खिंडीच्या आणि तेहाचापीच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचे रान माजले. त्यांतल्या कित्येक चक्क्या धड फिरतही नव्हत्या. त्या फिरण्याची मालकाला गरजही नव्हती, कारण त्याचे पीक वाऱ्यावर यावयाचे नसून आयकराच्या पत्रकावर यावयाचे होते. १९८५ च्या अखेरीस ती सवलत संपली आणि तो बाजार एका रात्रीत उठला. डेन्मार्कमधील व्हेस्टास नावाची कंपनी त्या बाजारासाठी शेकडो यंत्रे पाठवीत होती. शेवटचा माल वेळेवर पोहोचला नाही, सवलतीची तारीख उलटली, खरेदीदाराने पैसे देण्याचे नाकारले आणि १९८६ साली कंपनीवर देणी थांबविण्याची पाळी आली. पुढे तीच कंपनी सावरून जगातील पवनयंत्रे करणाऱ्यांत अग्रेसर झाली, ही गोष्ट वेगळी.

ह्याच कार्टरसाहेबांनी १९७९ च्या जून महिन्यात व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापविणारी ३२ सौरपटले बसविली होती. एका पिढीनंतर हे यंत्र वस्तुसंग्रहालयातील एक चीज ठरेल किंवा अमेरिकन जनतेच्या मोठ्या साहसातील एक अंश ठरेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले. १९८६ साली, रेगन अध्यक्ष असताना, छपराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ती पटले उतरविण्यात आली आणि पुन्हा चढविण्यात आली नाहीत. त्यांतले एक आज खरोखरच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि दुसरे एक चीनमधील देजौ शहराच्या सौरसंग्रहालयात आहे. सौरपटले बनविण्यात पुढे चीनने जगाला किती मागे टाकले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या दुसऱ्या पत्त्याची गंमत वाटल्याखेरीज राहणार नाही.

आता कोणी विचारील, की एवढ्या मोठ्या राष्ट्राने ऊर्जेचे धोरण करसवलतीच्या कलमांतून, असे चोरपावलांनी, का चालवावे? सरळ कायदा का करू नये? सरळ कायदे करून पाहिले गेले आहेत. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन ह्यांनी इंधनातील उष्णतेच्या मापावर कर बसविण्याची योजना मांडली. प्रतिनिधिगृहाने ती २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केली, सीनेटमध्ये ती बुडाली. २००९ साली कार्बनवर मर्यादा घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी उतरले. सीनेटने ते मतालाही टाकले नाही.

सीनेट म्हणजे शंभर सदस्यांचे वरिष्ठ सभागृह. तेथे बहुमत म्हणजे एकावन्न, असे आपण सहज समजतो. पण तेथील प्रथा अशी, की वादविवाद थांबविण्यास साठ मते लागतात, आणि वाद थांबल्याशिवाय मत घेता येत नाही. म्हणजे एकेचाळीस माणसे मनात आणतील तर कोणतेही विधेयक अधांतरी ठेवू शकतात. बोलत राहण्याचीसुद्धा आता गरज पडत नाही. बोलण्याचा धाक पुरतो. १९७४ च्या एका कायद्याने ह्या भिंतीला एक खिडकी ठेवली आहे. जमाखर्चाशी, म्हणजे कर आणि खर्च ह्यांच्याशी, संबंध असलेले विशेष विधेयक साध्या बहुमताने मंजूर करता येते. ऊर्जा, हवामान, उद्योग ह्यांविषयीचे जे जे म्हणून काही ठाम करावयाचे, ते कराच्या वेषात ह्या खिडकीतून आत सारावे लागते, ते एवढ्याचसाठी.

ह्या साठ मतांच्या नियमाचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २००७ च्या डिसेंबरात सीनेटपुढे एक ऊर्जाविधेयक आले. त्यात वारा आणि सूर्य ह्यांच्या सवलतींना मुदतवाढ होती, आणि त्याचा खर्च भागविण्यासाठी मोठ्या तेलकंपन्यांच्या काही सवलती काढून घ्यावयाच्या होत्या. १३ डिसेंबर रोजी मत झाले: ५९ अनुकूल, ४० प्रतिकूल. एका मताने विधेयक अडले. मग त्यातून करांचा सगळा भाग कापून काढण्यात आला, आणि उरलेले त्याच दिवशी ८६ विरुद्ध ८ मतांनी सुखरूप पार पडले. पवनचक्कीला विरोध करणारे त्या सभागृहात फार थोडे होते. भांडण होते ते तेलवाल्यांच्या ताटातले उचलून तिच्या ताटात वाढावयाचे की काय, ह्याविषयी.

आणि तेलवाल्यांचे ताट जुने आहे. विहीर खोदण्याचा जो खर्च यंत्रसामग्रीत दिसत नाही, म्हणजे मजुरी, इंधन, रसायने इत्यादींवर जो होतो, तो पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा अमेरिकेत आयकराच्या आरंभीच्या काळापासून, म्हणजे १९१० च्या दशकापासून आहे. १९२६ साली त्यात आणखी एका सवलतीची भर पडली. जमिनीतले तेल उपसल्याने मालकाची ठेव झिजते, म्हणून एकूण उत्पन्नाचा साडेसत्तावीस टक्के भाग करमुक्त ठरला. साडेसत्तावीसच का? तर एका सभागृहाला पंचवीस हवे होते, दुसऱ्याला तीस, आणि दोघांनी मधला आकडा घेतला. त्यामागे भूगर्भशास्त्र मुळीच नव्हते. विहिरीला जितका खर्च आला असेल त्याहून अधिक झीज ह्या रीतीने कागदावर दाखविता येत असे. १९६९ साली हा आकडा २२ वर आला, १९७५ साली मोठ्या कंपन्यांपुरता तो रद्दच झाला, आणि लहान उत्पादकांना १५ टक्क्यांवर राहिला. पण ह्या सवलतींना मुदत अशी कधीच नव्हती. त्या कायद्याच्या अंगातच मुरलेल्या आहेत. त्या टिकविण्यासाठी कोणाला दर दोन वर्षांनी विधिमंडळाच्या दारात उभे राहावे लागत नाही. त्या काढावयाच्या तर मात्र साठ मते गोळा करावी लागतात. पवनचक्कीची सवलत टिकविण्यास साठ मते लागतात, आणि तेलाची काढण्यास. दोन्ही पक्षांनी हात बांधून स्वस्थ बसावयाचे ठरविले तरी एकाचे काहीच बिघडत नाही आणि दुसऱ्याचा प्राण जातो. पेचप्रसंग हा निःपक्षपाती असतो असे आपण मानतो. येथे तसा तो नाही.

अनिश्चितता म्हणजे नेमके काय होते, हे एका पवनक्षेत्राच्या जन्मकथेवरून कळेल. प्रथम वर्ष-दीड वर्ष उंच खांबावर यंत्र लावून वारा मोजावा लागतो. मग शेतकऱ्यांशी जमिनीचे करार, मग वीजवाहिनीशी जोडणीची परवानगी, मग वीज विकत घेणाऱ्याशी वीस-पंचवीस वर्षांचा करार, आणि अखेरीस बँकेकडून पैसा. ह्या साऱ्याला तीन-चार वर्षे सहज लागतात. दोन वर्षांच्या सवलतीवर चार वर्षांचे काम कसे बेतावे? त्यात आणखी एक मेख आहे. नव्या पवनकंपनीला पहिली कित्येक वर्षे नफाच नसतो. नफा नाही म्हणून कर नाही. आणि करच नाही तर करातून वजा काय करावयाचे? म्हणून तेथे मोठ्या बँका अशा प्रकल्पात भागीदार होतात, आपला स्वतःचा कर त्या सवलतीने वाचवितात आणि मोबदल्यात प्रकल्पाला भांडवल पुरवितात. सरकारने शेतात सोडलेले पाणी पाटाच्या वरच्या अंगाचा सावकार आधी अडवितो, तसाच हा प्रकार. २००८ साली त्या बँकाच डबघाईस आल्या, तेव्हा नफा नसलेल्या बँकांना करसवलतीचा उपयोग उरला नाही आणि सरकारला काही काळ सवलतीऐवजी रोख रक्कम द्यावी लागली. तेव्हा कळले की रोख देणे अधिक सोपे होते. पण रोख देणे राजकारणाला परवडत नाही, हे वर सांगितलेच आहे.

२०१२ साली ही साखळी उलट दिशेने तुटत गेली. सवलत ३१ डिसेंबरला संपणार आणि तिच्या आत यंत्र फिरू लागले पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे वर्षभर अहोरात्र कामे चालली. परंतु त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या मागण्या कोणी नोंदवीना. सीमेन्स कंपनीचा पात्यांचा कारखाना तेव्हा आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी फोर्ट मॅडिसन ह्या लहानशा गावात होता. तेथील सुमारे चारशे कामगारांना सप्टेंबर महिन्यातच घरी बसविण्यात आले. देशात पवनचक्क्यांचा विक्रम होत होता त्याच वर्षी पाती करणारी माणसे बेकार झाली! सीनेटने १ जानेवारी २०१३ च्या पहाटे, इतर अनेक करांच्या तडजोडीबरोबर, ८९ विरुद्ध ८ मतांनी सवलत पुन्हा जिवंत केली. सवलत कागदावर फार तर एक-दोन दिवस मेलेली होती. पण मागण्यांची वही कोरी झालेली होती, आणि ती भरावयास वर्ष गेले. नव्या कायद्याने काम पुरे करण्याऐवजी सुरू करण्याची अट घातली, त्यामुळे ते वर्ष संपण्यापूर्वी यंत्र फिरविण्याची घाई राहिली नाही, हेही खरे. मात्र घरी गेलेल्या कामगाराच्या दृष्टीने ह्या दोन कारणांत फारसा फरक नसावा.

२०१४ सालचा प्रकार तर विनोदी म्हणावा लागेल. त्या वर्षीची मुदतवाढ १९ डिसेंबर रोजी मंजूर झाली, आणि ती होती ३१ डिसेंबरपर्यंत. उत्तेजन म्हणजे पुढे होणाऱ्या कामाला दिलेला धीर. बारा दिवसांत वाऱ्याचे मोजमापसुद्धा होत नाही.

ह्या बाबतीत आपणही अगदी सोवळे नाही, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयाच्या वर, पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर ज्यांनी पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना त्या कशाच्या बळावर उभ्या राहिल्या हे कदाचित ठाऊक नसेल. आपल्याकडील सवलत वेगवान घसाऱ्याची होती. यंत्राच्या किमतीचा बहुतेक भाग, आरंभी सगळाच आणि नंतर ८० टक्के, पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून करातून सूट मिळविता येई. वीजधंद्याशी सुतराम संबंध नसलेले पुष्कळ नफेवाले पवनचक्क्यांचे मालक झाले ते ह्या कलमामुळे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरचा दोष येथेही होता, आणि म्हणूनच २००९ साली आपल्या सरकारने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैशांचे उत्तेजन देण्याची दुसरी योजना काढली. २०१२ च्या एप्रिलपासून ह्या दोन्ही गोष्टी एकदम बंद झाल्या. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती, त्या वर्षी ती १,७०० वर आली. युनिटमागचे उत्तेजन २०१३ साली आणि घसाऱ्याची सवलत २०१४ साली पुन्हा सुरू झाली. येथे पक्षांचे भांडण नव्हते, साठ मतांचा नियम नव्हता, रात्रभर चाललेली बैठक नव्हती. एक मुदत संपली आणि तिच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही. घसरण अमेरिकेइतकी खोल झाली नाही, पण जात तीच.

अमेरिकेत सवलतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय आहे, तेही ऐकले पाहिजे. ते अगदीच टाकाऊ नाही. बाळाला पांगुळगाडा द्यावा, पण तिशी उलटलेल्या माणसाने तो मागू नये, असे ते म्हणतात. आणि १९९२ पासून मोजले तर पवनऊर्जेची तिशी खरोखरच उलटली आहे. दुसरा त्यांचा मुद्दा अधिक नेमका आहे. युनिटमागे सवलत मिळत असल्यामुळे, रात्री मागणी नसताना पवनक्षेत्राचा मालक वीज फुकट, क्वचित पदरचे पैसे देऊनही विकावयास तयार होतो, कारण सवलत त्याला मिळतच असते. अशा वेळी शेजारचे अणुवीजकेंद्र, जे रात्रीपुरते बंद करता येत नाही, तोट्यात जाते. ह्याला उत्तर आहे, पण ते बाजाराच्या रचनेचे आहे आणि लांबलचक आहे. खेदाची गोष्ट अशी, की ह्या मुद्द्यांवर वाद फारसा झालाच नाही. तसा झाला असता, तर सवलत दहा वर्षांत पायरीपायरीने उतरवावी, असा सर्वांना पटण्याजोगा तोडगा केव्हाच निघता.

एकदा तो निघालाही होता. २०१५ च्या डिसेंबरात दोन्ही पक्षांनी उघड देवघेव केली. अमेरिकन कच्चे तेल परदेशी विकण्यास १९७५ पासून बंदी होती; ती रिपब्लिकनांना उठवावयाची होती. ती उठली, आणि मोबदल्यात वारा व सूर्य ह्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली, वाऱ्याची सवलत दर वर्षी पायरीने उतरत जाईल अशा अटीवर. तत्त्वनिष्ठ मंडळींना हा सौदा दोन्ही बाजूंनी ओंगळ वाटला. मला तो त्या तीस वर्षांतला सर्वांत समंजस कायदा वाटतो. कारखानदारांना प्रथमच पाच वर्षांपुढचे दिसू लागले.

वस्तुतः ही सवलत मुळात कोणा एका पक्षाची नव्हतीच. तिचा जनक म्हणविणारे चार्ल्स ग्रासली हे आयोवाचे रिपब्लिकन सीनेटर. टेक्सास राज्याने वीजकंपन्यांना नव्या ऊर्जेचा वाटा बांधून दिला तो १९९९ साली, धाकटे जॉर्ज बुश तेथे गव्हर्नर असताना. आज वाऱ्याची वीज निर्माण करण्यात टेक्सासचा क्रमांक पहिला लागतो. आयोवात तर अलीकडे निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. मग ही गोष्ट पक्षाच्या झेंड्याला कधी बांधली गेली? माझ्या मते २००९ ते २०१२ ह्या वर्षांत. कार्बनचे विधेयक बुडाले. सोलिंड्रा नावाच्या सौरकंपनीला सरकारने ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती, ती २०११ साली दिवाळखोरीत निघाली. आणि तेव्हापासून सौरपटल दिसले की ओबामा दिसावे, अशी एका पक्षाच्या अनुयायांची दृष्टी झाली. सोलिंड्राचे प्रकरण कर्जाचे होते, करसवलतीचे नव्हते. पण सभेत असा फरक सांगत बसणाऱ्याचे कोण ऐकतो? २०१२ च्या निवडणुकीत मिट रॉमनी ह्यांनी पवनसवलत संपू द्यावी अशी भूमिका घेतली, तेव्हा आयोवातील त्यांच्याच पक्षाचे पुढारी त्यांच्यावर रागावले. आपल्या माणसाच्या शेतात चक्की उभी आहे आणि आपल्या पक्षाच्या व्यासपीठावर ती चेष्टेचा विषय आहे, अशा कात्रीत ही मंडळी तेव्हापासून सापडली.

ऑगस्ट २०२२ मध्ये ह्या कथेतला सर्वांत मोठा कायदा झाला. त्याने वारा, सूर्य, अणू असा भेद काढून, कार्बन न सोडता निर्माण होणाऱ्या कोणत्याही विजेला सवलत दिली. ती किमान २०३२ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांची ठरविली. आणि ती इतरांस विकता येईल अशी सोय करून बँकांच्या पाटालाही दुसरी वाट काढून दिली. तीस वर्षांच्या तक्रारींना एवढे नेमके उत्तर पूर्वी मिळाले नव्हते. पण साठ मते नव्हती, म्हणून ते खिडकीतून गेले. सीनेटमध्ये ५० विरुद्ध ५० मते पडली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस ह्यांच्या एका मताने ते तरले. रिपब्लिकन मत एकही नव्हते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बॅटऱ्यांचे, सौरपटलांचे कारखाने उभे राहू लागले ते अधिक करून रिपब्लिकन मतदारसंघांत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पक्षाच्या अठरा प्रतिनिधींनी, सवलती घाईने रद्द करू नयेत, असे आपल्याच सभापतीस लिहून कळविले. तेवढ्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की आता कायद्याने मूळ धरले.

१ जुलै २०२५ रोजी सीनेटमध्ये पुन्हा ५० विरुद्ध ५० मते पडली. ह्या वेळी निर्णायक मत उपाध्यक्ष व्हान्स ह्यांचे होते, आणि विधेयक त्याच खिडकीतून उलट दिशेने गेले. ३ तारखेला प्रतिनिधिगृहात ते २१८ विरुद्ध २१४ मतांनी उतरले, ४ तारखेला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, अध्यक्ष ट्रंप ह्यांनी स्वाक्षरी केली. वारा आणि सूर्य ह्यांपुरती दहा वर्षांची मुदत अशी आखडली, की ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू झाले नाही तर प्रकल्प २०२७ च्या अखेरीपूर्वी वीज देऊ लागलाच पाहिजे. नाही तर सवलत नाही. घराच्या छपरावरील सौरपटलांची सवलत २०२५ च्या अखेरीस संपली. अणू, भूगर्भातील उष्णता आणि वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या ह्यांना मात्र पुष्कळ वर्षे देण्यात आली. तेव्हा स्वच्छ विजेस उत्तेजन द्यावे की नाही हा प्रश्नच ह्या मतदानात नव्हता. कोणती स्वच्छ वीज कोणाच्या पक्षाची, हे तेथे ठरले.

मग ‘काम सुरू होणे’ म्हणजे काय, ह्यावर वकिलांची धांदल उडाली. पूर्वी एकूण खर्चाच्या पाच टक्के रक्कम गुंतविली की काम सुरू झाले असे धरीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थखात्याने मोठ्या प्रकल्पांपुरती ही पळवाट बंद केली आणि जमिनीवर, किंवा कारखान्यात, प्रत्यक्ष काम झालेले दाखविण्याची अट घातली. ती अट आणखी कडक होणार अशी कुणकुण त्या महिन्याच्या आरंभीच होती. अर्थखात्यातील काही पदांवरील नेमणुका तेव्हा सीनेटच्या संमतीची वाट पाहत होत्या. त्यांतील तीन नेमणुका एका वृद्ध सीनेटरने, युटाच्या एका सहकाऱ्यासह, अडवून धरल्या. वारा आणि सूर्य ह्यांविषयीचे नियम कायद्याच्या आशयाला धरून होतील अशी खात्री पटेपर्यंत आपण त्या सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. हे सीनेटर म्हणजे चार्ल्स ग्रासली. त्यांचे वय तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते. महिन्याभरापूर्वी त्या विधेयकाला त्यांनी आपले मत दिले होते.